चकमक कांडीची मूठ

पावसाळी भटकंतीवरच्या लेखात चकमक कांडीचा, म्हणजे पोलादी पात्याने खरवडली की ठिणग्या देणाऱ्या आणि ट्रेकर मंडळी जिला फेरो रॉड म्हणतात त्या धातूच्या कांडीचा, ओझरता उल्लेख होता. काडेपेटी भिजते, लायटर वाऱ्यात दगा देतो, कांडी मात्र पुसून घेतली की ठिणग्या देते, एवढंच त्यात म्हटलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत ठिणगीबद्दल फारसं कुणी विचारलेलं नाही. बहुतेकांचं दुखणं मूठ हेच आहे. नुसती बिनमुठीची कांडी स्वस्त पडते, मूठ घरी करता येते, आणि घरी केलेली मूठ नेमकी गरजेच्या वेळी निघून येते. त्यातली निवडक पत्रं इथे घेतली आहेत.

८ मिमी जाड आणि १० सेमी लांब कांडी आणली. सागाच्या तुकड्याला ८ मिमीचं भोक पाडून थेंबात चिकटणाऱ्या डिंकाने बसवली. चार-पाच वेळा वापरल्यावर कांडी एका हातात, मूठ दुसऱ्या हातात. काय चुकलं? (पुणे)

डिंकाकडे नंतर येऊ. आधी जोर कुठून कुठे जातो ते बघा. कांडी वापरताना पातं जागेवर स्थिर धरायचं आणि कांडी मागे ओढायची, ही खरी रीत. पातं पुढे ढकललं तर हात जाऊन जमवलेल्या ढलप्यांवर आदळतो आणि सगळं विस्कटतं. म्हणजे प्रत्येक झटक्याला तुम्ही कांडी मुठीतून उपसायचाच प्रयत्न करत असता, वर थोडा पीळही देत असता. सुरीच्या मुठीवर दाब येतो, हिच्यावर ओढ येते. सुरीची मूठ डोळ्यांसमोर ठेवून केलेली कांडीची मूठ म्हणूनच फसते.

आता भोक. ८ च्या कांडीला ८ चं भोक घट्ट बसतं, आणि तीच अडचण आहे. डिंकाला राहायला जागाच उरत नाही. कांडी आत सारताना तो सगळा पुसला जाऊन तोंडाशी गोळा होतो. चहूबाजूंनी साधारण दीड-दोन दशांश मिमी फट हवी. मिमीच्या बिटांत मधली मापं हार्डवेअरच्या दुकानात सहसा मिळत नाहीत. तिथे इंची बिट कामाला येतात. ६ मिमीच्या कांडीला पाव इंची (६.३५ मिमी), ८ मिमीला एकवीस-चौसष्टांश (८.३३ मिमी), १० मिमीला तेरा-बत्तिसांश (१०.३२ मिमी), आणि अर्धा इंची जाड कांडीला सरळ १३ मिमीचं बिट. दुकानात जाताना कांडी आणि शक्य असेल तर व्हर्नियर (जाडी मोजायची पट्टी) बरोबर न्या. ८ म्हणून विकलेली कांडी ७.८ निघते, काळा लेप जाड असेल तर ८.१ सुद्धा.

खोली कांडीच्या जाडीच्या तिप्पट धरा, म्हणजे ८ ला २४-२५ मिमी. बिटाला तेवढ्या मापावर चिकटपट्टी गुंडाळली की अंदाज चुकत नाही. भोक लाकूड चौकोनी असतानाच पाडायचं, आकार नंतर द्यायचा. गोल केलेली मूठ व्हाइसमध्ये सरळ धरता येत नाही आणि कांडी वाकडी बसते. टोकाकडून लाकडाच्या रेषेच्या दिशेने पाडलेलं भोक भरकटतं, म्हणून आधी ३ मिमी, मग ६, मग शेवटचं बिट. दर सेंटीमीटरला बिट बाहेर काढून भुसा झाडा, नाहीतर भोकाच्या भिंती करपतात आणि करपलेल्या लाकडाला डिंक धरत नाही.

कांडीचा जो भाग आत जाणार त्यावरचा काळा लेप १२० नंबरच्या पॉलिश पेपरने पूर्ण काढा. लेपाला चिकटवलेली कांडी म्हणजे रंगाला चिकटवलेली कांडी. रंग सुटला की सगळं सुटलं. हे काम हाताने, सावकाश, आणि टेबलावरचा लाकडाचा भुसा आधी झाडून मगच करा. कांडीची ठिणगी ३००० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, त्यामुळे ग्राइंडरला ती लावायचीच नाही. मग हॅकसॉने अर्धा-एक मिमी खोल दोन-तीन खाचा गोलाकार पाडा, डिंकाला त्यात दात मिळतात. फक्त खाच मुठीच्या तोंडापासून किमान ५ मिमी आत हवी. फेरो कांडी काचेसारखी ठिसूळ असते, तोंडाशीच खाच असेल तर ती बरोबर तिथेच तुटते.

डिंक दोन ट्यूबचं, हळू सुकणारं इपॉक्सी. थेंबात चिकटणारा डिंक धक्क्याला तडकतो, पांढरा लाकडाचा गोंद धातूला धरतच नाही आणि पाण्यात मऊ पडतो. पाच मिनिटांचं इपॉक्सी चालतं, पण भिजत राहणाऱ्या वस्तूला हळू सुकणारंच बरं. खरं तर एका मुठीला हरभऱ्याएवढं पुरतं. पण एवढंसं कालवायला घेतलं की दोन ट्यूबचं प्रमाण हमखास चुकतं. सुपारीएवढं घ्या, दोन मिनिटं मळल्यासारखं कालवा, उरलेलं टाकून द्या. सागात नैसर्गिक तेल असतं, तेव्हा भोक आतून ॲसिटोनच्या बोळ्याने पुसून वाळू द्या.

आणि एक गोष्ट जी हमखास राहते: हवा. बंद भोकात डिंक भरून कांडी सारली की खालची हवा पिचकारीसारखी कोंडते. दाबून बसवलेली कांडी पाच मिनिटांनी दोन मिमी वर आलेली दिसते ती यामुळेच. अडकवायच्या दोरीसाठी मुठीला मागे भोक पाडणार असालच, तर त्याच्यापासून कांडीच्या भोकापर्यंत १ मिमीची वाट काढा, हवा तिथून निघते. तेवढी खटपट नको असेल तर कांडीवर लांबीच्या दिशेने एक बारीक चर पाडा. टूथपिकने भोकाच्या भिंतींना डिंक फासा, अर्धं भोक भरा, कांडी फिरवत फिरवत आत न्या, ओघळलेला डिंक स्पिरिटने पुसा आणि कांडी वर करून उभी ठेवा. २४ तास हात लावू नका. थंडीत पुण्यासारख्या ठिकाणी ४८.

आकाराचं एकच सांगतो: फुगवटा मागच्या टोकाला हवा, पुढे नको. हात ओढीने मागच्या बाजूनेच निसटतो. ८० मिमी लांब, मध्ये २२ आणि टोकाला २७-२८ मिमी, आणि एक बाजू चपटी, म्हणजे कातळावर ठेवली तर गडगडत जात नाही. अंधारात हाताला दिशाही कळते.

आजोबांच्या काळातलं सांबरशिंग घरात आहे. त्याची मूठ फार देखणी होईल असं वाटतं. शिंग नसेल तर कोणतं लाकूड? (कोल्हापूर)

शिंग राहू द्या. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे सांबर-चितळाचं शिंग हे वन्यप्राण्याचा अवशेष मानलं जातं. जंगलात आपोआप गळून पडलेलं असलं तरी. मालकीचा दाखला नसेल तर ते बाळगणंच अडचणीचं, कापून मूठ करणं तर दूरच. घरात दाखला आहे का ते शोधा, नसेल तर वनविभागाच्या कार्यालयात विचारा. शिंगच हवं असेल तर म्हशीचं घ्या, ते पाळीव जनावराचं. पोकळ भाग सोडून टोकाचा भरीव तुकडा लागतो. कापताना केस जळल्यासारखा वास येतो आणि धूळ घशाला लागते, म्हणून उघड्यावर आणि मास्क लावूनच.

लाकडात आमचा कौल बाभळीला. विकत आणायचंही कारण नाही: कुदळीचा, कुऱ्हाडीचा तुटलेला दांडा घ्या. वर्षानुवर्षं वाळलेला, हाताच्या घामाने मुरलेला, आणि सहसा नाराचाच, म्हणजे आतल्या कठीण गाभ्याचाच असतो. शिसव उत्तम, पण तिची धूळ काहींच्या अंगावर पुरळ आणते. खैर लोखंडासारखा कठीण, बिट तापवतो. चिंच, बोर चांगले. आंबा मऊ, त्याला भुंगाही लवकर लागतो. झिजलेलं लाटणं असेल तर ते टाकू नका. मधला भाग मुठीच्या मापाचाच असतो. वरचा तेलकट थर रंधून काढला की आतलं लाकूड कोरडं निघतं. कोकणातल्यांना माणगा बांबूही चालेल, तो जवळपास भरीव असतो. फक्त पेर मुठीच्या तोंडाशी येईल असं कापा, म्हणजे चिरत नाही.

ओलं लाकूड मात्र कुठलंही नको. पावसाळ्यात केलेली मूठ मार्च-एप्रिलमध्ये आकसते आणि कांडी आकसत नाही. मग मूठ तोंडाकडून उभी चिरते. त्यावर जुना इलाज शेंबीचा, मुसळाला असते तशी. एसी बसवणाऱ्यांकडे तांब्याच्या नळीचे उरलेले तुकडे असतात. पाऊण इंची (१९ मिमी) नळीचा १० मिमी तुकडा कापा, मुठीचं तोंड तेवढंच कातरून खांदा काढा आणि शेंबी इपॉक्सी लावून ठोकून बसवा.

मूठ पक्की आहे, पण वर्षभरात कांडीवर पांढरट-करडी भुकटी आली आणि तोंडाशी लाकूड फुगून फाटलं. कांडी नकली होती का? (मालवण)

नकली नाही, उलट अस्सलच. कांडीत लोखंडाबरोबर सेरियम, लँथॅनम अशा धातूंचं मिश्रण असतं, बहुतेक कांड्यांत मॅग्नेशियमही. सेरियम दीड-पावणेदोनशे अंशांवरच पेट घेतं म्हणून तर ठिणगी पडते, आणि इतका उतावळा धातू खाऱ्या दमट हवेत गप्प कसा बसेल? गंजलेल्या धातूला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते. स्लॅबमधला गज फुगून सिमेंटचा पोपडा काढतो तसंच तुमच्या मुठीचं झालंय.

हवा-पाणी आत गेलं ते तोंडाच्या फटीतून. इपॉक्सी भरताना ते कांडीभोवती थोडं वर येऊ द्या आणि बोटाने उतरतं करा, गच्चीच्या कोपऱ्यांत पाणी मुरू नये म्हणून सिमेंटचा उतार, म्हणजे वाटा, करतात तसं. लपलेल्या भागावर एकही टिंब कोरडं राहता कामा नये. बाभूळ, खैर यांच्यात टॅनिन भरपूर. ते लोखंडाशी मिळून काळं पडतं आणि गंज वाढवतं, त्यामुळे या लाकडांत ही काळजी दुप्पट घ्या. उघड्या भागावर नेलपॉलिशचा एक पातळ हात पुरतो. वापरताना पहिल्या दोन ओढींत तो खरवडला जातो, परत आल्यावर पुन्हा लावायचा. चामड्याच्या म्यानात ओली कांडी ठेवू नका.

आत्ताची कांडी वाचवायची तर भुकटी पॉलिश पेपरने काढा. आत चकाकी दिसली की कांडी शाबूत आहे. जुन्या मुठीतून काढण्यासाठी ती गॅसवर धरायचा मोह होईल, तो टाळा. खरवडलेल्या कांडीवरचा चुरा पेट घेऊ शकतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. घरगुती इपॉक्सी साधारण ६०-७० अंशांपुढे मऊ पडू लागतं. गरम असतानाच फडक्याने धरून पिळा.

(जाता जाता: या मिश्रधातूचं पेटंट ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ मध्ये घेतलं. गॅसबत्तीच्या मँटलचे जनकही तेच. मँटलसाठी थोरियम काढल्यावर मोनाझाइट वाळूतून उरलेल्या धातूंचं करायचं काय, यातून ही ठिणगी निघाली. आपल्या त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची मोनाझाइट वाळूही पुढे याच धंद्यासाठी युरोपात जाऊ लागली.)

थ्री-डी प्रिंटरवर मूठ छापली तर? (नागपूर)

पीएलए प्लॅस्टिकची नको. ती ६० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि मे महिन्यात तुमच्याकडे बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या पुढे जातो. पीईटीजी प्लॅस्टिक चालेल. भिंती किमान चार थरांच्या, आतली भरण निम्म्याहून जास्त, आणि मूठ आडवी ठेवून छापा. उभी छापली तर ओढ थरांच्या सांध्यावर येते आणि मूठ थरातून सुटते.

लाकूडकाम जमत नाही. पॅराकॉर्ड गुंडाळून मूठ होते का? किती दोरी लागेल? (ठाणे)

होते. ४ मिमी दोरी, ८ मिमी कांडी, ४ सेमी लांब मूठ: १० वेढे, दर वेढ्याला सुमारे ३८ मिमी, म्हणजे ३८ सेमी. गाठी आणि मागचा फास धरून ८० सेमी कापा. नुसत्या गुळगुळीत कांडीवर गुंडाळलेली दोरी ओढीने सरकते, म्हणून खाली कापडी टेपचे दोन वेढे द्या. दोरी पाणी धरून ठेवते, त्यामुळे टेपच्याही खाली नेलपॉलिशचा हात आधी द्यायचा. १० सेमीच्या कांडीतले ४ सेमी यात झाकले जातात, तेवढी ठिणगी वाया. लाकडी मुठीत अडीचच जातात. म्हणून ही मूठ लांब कांडीलाच शोभते.

कांडीबरोबरचं पातं फार लहान आहे, ओल्या हातात राहत नाही. त्यालाही मूठ करायची आहे. (नाशिक)

बरोबर आलेलं पातं बाजूला ठेवा. फॅब्रिकेशनवाल्यांकडे मोठ्या पॉवर हॅकसॉचं मोडलेलं पातं मिळतं, दीड-दोन मिमी जाड, हायस्पीड स्टीलचं. हाताच्या हॅकसॉचं पातं पाऊण मिमीहून पातळ असतं, ते लवतं आणि लवलं की ठिणगी विरळ पडते. ७ सेमी तुकडा घ्या. दातांच्या विरुद्ध बाजूची कड ग्राइंडरवर अगदी काटकोनात आणा; सुरीसारखी धार लावू नका. धारेने कांडी सोलली जाते, काटकोनी कडेने खरवडली जाते, आणि आपल्याला खरवडायचीच आहे. दात घासून टाका, तिथेच बोटं येणार आहेत.

अशा कडक पोलादाला घरच्या बिटाने भोक पडत नाही, बिट फक्त निळं होऊन जातं. पात्याच्या टोकाला जे तयार भोक असतं तोच तुकडा घ्या. दोन्ही बाजूंना ४ मिमीच्या लाकडी पट्ट्या, मधे इपॉक्सी, आणि त्या भोकातून पितळेची सळई आरपार ठोकून दोन्हीकडे चेपायची. मूठ ३५ मिमी पुरे, अंगठा आणि तर्जनीत धरायची आहे. कांडीच्या आणि पात्याच्या मुठीला एकाच दोरीने जोडलं की दोन्ही एकदम हरवतात अशी एक तक्रार ऐकू येते, पण एक हरवून दुसरं खिशात राहणं त्याहून वाईट.

मुठीला वॉर्निश द्यावं की तेल? (सातारा)

उकळलेलं अळशीचं तेल. वॉर्निश ओल्या हातात निसरडं होतं. २२० नंबरच्या पॉलिश पेपरच्या पुढे घासूच नका, थोडा खरखरीतपणा हवा. तीन पातळ हात, प्रत्येकात दोन दिवसांचं अंतर. तेल पुसलेलं फडकं मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि चुरगाळलेल्या फडक्यात ती कोंडून ते आपोआप पेटू शकतं. पाण्यात भिजवून मग कचऱ्यात, नाहीतर दोरीवर उलगडून वाळत घाला. एरंडेल वापरून बघायचा विचार असेल तर ते सुकतच नाही, हात कायम चिकट.

तयार झाल्यावर हरिश्चंद्रगडावर करून बघू का? (अहिल्यानगर)

नाही. तो गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि अभयारण्यात आग पेटवण्यावर बंदी आहे. घरच्या अंगणात, लोखंडी घमेल्यात, शेजारी पाण्याची बादली ठेवून बघा.

शाळेच्या शिबिरात मुलं धनुष्याच्या दोरीने काठी फिरवून आग काढायचा प्रयत्न करतात. वर दाबून धरायचा लाकडी ठोकळाच धुमसतो, खाली काहीच होत नाही. ठोकळा कसा करावा? (सांगली)

ही सगळ्यात जुनी मूठ, आणि तिला आपल्याकडे नावही आहे: ओविली. यज्ञातल्या अग्निमंथनात खाली अधरारणी, तिच्यावर फिरणारा मंथा, त्याला धरणारा चात्र, दोरीला नेत्र, आणि वरून दाबून धरायची ती ओविली. अरणी शमीवर वाढलेल्या अश्वत्थाची, म्हणजे मऊ लाकडाची. चात्र आणि ओविली मात्र खैरासारख्या सार असलेल्या कठीण लाकडाची, १२ अंगुळं लांब. चात्राच्या माथ्यावर खीळ असते आणि ती ओविलीत फिरते. खाली घर्षण हवं, वर नको. तुमच्या मुलांकडे बहुधा दोन्हीकडे एकच मऊ लाकूड आहे, म्हणून जिथे दाब जास्त तिथे धूर.

ठोकळा १२ सेमी लांब, ५ सेमी रुंद, ४ सेमी जाड, बाभळीचा. मधोमध १ सेमी खोल खळगा करा आणि त्यात करवंटीचा तुकडा आतली बाजू खाली करून इपॉक्सीने बसवा. फिरणाऱ्या काठीचं वरचं टोक पेन्सिलीसारखं निमुळतं, खालचं बोथट. खळग्यात साबण किंवा मेण चोळा. मुलांना लवकर यश हवं असेल तर ६०८ नंबरचं बेअरिंग, स्केट्सच्या चाकात असतं तेच, आतून ८ आणि बाहेरून २२ मिमी, ठोकळ्यात २२ मिमीच्या चपट्या बिटाने ७ मिमी खोल घर करून ठोका. त्या घराच्या मधोमध १० मिमीचं भोक आणखी सेंटीमीटरभर खोल घ्या, म्हणजे बेअरिंगमधून वर येणारं टोक लाकडाला घासत नाही. काठीच्या माथ्यावर ८ मिमीचा बिनडोक्याचा बोल्ट बसवा, तो बेअरिंगमध्ये जाईल.

काठीच्या वरच्या टोकाला खडूने खूण करून ठेवा. साबण लागलेलं टोक चुकून खाली आलं तर ती काठी आणि खालची फळी, दोन्ही त्या दिवसापुरत्या बाद.